बंधुराजांचा मुक्काम सोफ्यावर

ती. ताईंना शिरसाष्टांग नमस्कार. (सहाव्या महिन्यात आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा नुसत्या शिरावर भागवून घ्या.) तुमची कंबर काय म्हणते? वॉर्डातल्या रात्रपाळ्या कमी झाल्या का? इकडे बाळ लाथा मारतंय, मी दोघांचं जेवतेय आणि तुमचे बंधुराज सोफ्यावर झोपतायत. पत्र त्या सोफ्याबद्दल आहे.

तुम्ही प्रसूतिगृहात नर्स, म्हणून आडपडदा ठेवत नाही. पहिले तीन महिने मला त्यांच्या साबणाचा वाससुद्धा सहन होत नव्हता, छातीला कपडा घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा ते आपणहून सोफ्यावर गेले आणि मी सुटकेचा नि:श्वास सोडला. पण चौथ्यात उलट्या थांबल्या आणि मला नवरा आवडायला लागला. इतका तर लग्नाच्या पहिल्या वर्षीही आवडला नव्हता. (तुमचे भाऊ आहेत, राग मानू नका, पण तेव्हा ते जागेपणी फक्त लिफ्टबद्दल बोलायचे.) पोटुशीपणी अंगातलं रक्त वाढतं, तशी कित्येकींची ओढही वाढते म्हणे. हे मला आत्ता कळतंय. उंच टाचा घालू नकोस, हे मात्र पहिल्याच आठवड्यात अख्ख्या बिल्डिंगने सांगून झालं होतं.

आता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची अक्कल बघा. त्यांच्या कामात नियम असा, की जरा शंका आली की आधी वीज बंद करायची, दाराला पाटी लावायची आणि लोकांना जिन्याने पाठवायचं. घरीही तेच चाललंय. मी लाडात येऊन जवळ बसले की बंधुराज माझा रक्तदाब मोजतात. परवा नवा गाऊन घालून सोफ्यापाशी उभी राहिले, तर उठले, मला पाणी दिलं, हाताला धरून पलंगापर्यंत पोचवलं, पायाखाली उशी सारली आणि दिवा मालवून परत गेले. सासूबाई शेजारणींना सांगतात, माझा मुलगा किती संयमी. संयमी कसला डोंबलाचा.

शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारायचं ठरवलं. एका पडद्यापलीकडे सगळी वेटिंग रूम कान टवकारून बसलेली, तरी सरळ विचारलं की आम्ही जवळ यायला काही हरकत आहे का. बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही न बघता बंधुराजांना सांगितलं, की पुरुषांनी जरा कळ काढावी. पुरुषांनी. आणि बंधुराजांनी पदक मिळाल्यासारखी मान हलवली. कळ कोण काढतंय, ते त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. रक्तस्राव नाही, बाळाची वार नीट वरच्या बाजूला आहे, काळजीचं काही नाही, हे त्याच बाईंनी त्याच दिवशी तपासून सांगितलेलं. मग पुढचं एक वाक्य बोलायला कुठे अडलं कोण जाणे. शिकल्यासवरलेल्यांची ही तऱ्हा, तर सोफ्याला नावं ठेवून काय उपयोग?

असो. थोरामोठ्यांना लिहू नये ते लिहिलं, पोटात घाला. (माझ्या पोटात आता जागा नाही.)

तुमची, दारातून आडवी जाणारी,
भावजय

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. एक फोन करून मोठ्या बहिणीच्या आवाजात त्यांना दोन वाक्यं सुनवा. तुमचं ऐकतात. मी सोफ्याला गिऱ्हाईक बघते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं, जरा लाज वाटावी म्हणून. हसला नाही तो. गेल्या वर्षी मला तिसरा महिना असताना आमचं बाळ गेलं, त्याच्या आदल्या रात्री आम्ही जवळ आलो होतो. आपल्यामुळेच गेलं, असं वर्षभर मनात धरून बसलाय. मी म्हटलं, ती रात्र मला आठवतही नाही, आणि तसं काही नसतं. तर म्हणाला, तू माझं मन राखायला बोलतेस. ताई, तुम्ही सांगा त्याला. रोज बायका बघता, तुमचं खरं वाटेल. आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगा. मला ती रात्र आठवते. मलाही ऐकायचंय.