तिसरा पिंजरा

नांदूरघाट, ता. केज
६ जानेवारी २०२५

चि. धनश्रीस आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं वाया जाऊ नयेत म्हणून फोन सोडून पत्र लिहितेय. वाकडं दिसलं तर हसायचं न्हाई. तू मागितलेली पळसाच्या बियांची पूड आबांच्या डब्यातून काढून पाठवलीय. आबा लई खूश हायत. हरिबाचं जंताचं औषध त्याचीच लेक कॉलेजात तपासतीय, असं केजच्या बाजारात भेटंल त्याला सांगतेत. त्यांच्या आज्यापासून मेंढरांना हेच औषध चालतंय, गावोगावचे लोक घेऊन जातेत. आता त्याला सरकारी शिक्का बसणार म्हणतेत.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरंना. धडधाकट उंदरांना आधी तूच जंत पाजतीस, अन् मग औषध देतीस म्हणं. असं कावून? इथं आमी उंदीर दिसला की काठी घेतो. अन् जंत मेंढरांना होतेत, तर औषध उंदराला कशाला? शेजारच्या साखराबाईनं इचारलं तेव्हा, लेक जनावरांची डॉक्टर होणार हाय एवढंच सांगितलं. उंदरांचं बोलले न्हाई.

जेवत जा. माया हायेच, ती काय मागायची गोष्ट न्हाई.

तुझी आई,
कडूबाई

परभणी
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं नाही, ओळी तेवढ्या चढावर निघाल्यात.

उंदराचं असं आहे आई, त्याचं आतडं बऱ्याच बाबतीत मोठ्या जनावरासारखंच चालतं. मेंढरू रानात चरताना किती जंत घेऊन येतं ते कुणालाच कळत नाही. पिंजऱ्यातल्या उंदराला जंतांची किती अंडी पाजली ते मला नक्की ठाऊक असतं. मग रोज त्याच्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अंडी मोजायची. तीन पिंजरे आहेत. पहिल्याला आबांची पूड, दुसऱ्याला दवाखान्यातली गोळी, तिसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याची तुला दया येईल, मलाही येते. पण तो नसला तर जंत औषधानं गेले की आपोआप, हे कळायचं कसं?

आता खरी बातमी. आबांच्या पुडीचा पिंजरा साफ निघाला, अगदी गोळीच्या बरोबरीनं! माझ्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम तीनदा मोजून आल्या. त्यांनी सगळं पुन्हा करून दाखवायला सांगितलंय, म्हणून ताजी पूड कुटून पाठव. प्रबंधात आबांचं नाव येणार आहे, त्यांना सांग.

आबांना नमस्कार. आठवण काढत जा, मला उचकी लागली की बरं वाटतं.

तुझी धनश्री

परभणी
२० मार्च २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

काय लिहावं सुचत नाही. नव्या पुडीनं एकही जंत हलला नाही. त्याच जातीचे उंदीर, तेवढीच अंडी, तेवढीच मात्रा. तिसऱ्या पिंजऱ्यातले दोन उंदीर तर काहीही न देता साफ झाले, कधी कधी शरीरच जंत बाहेर टाकतं. पण आबांच्या पुडीचे सगळे उंदीर भरलेलेच.

मॅडमनी दार लावून विचारलं की पहिल्या वेळी पुडीत गोळी मीच मिसळली होती का. मी नाही म्हणाले. त्यांनी मुदत घातली. १५ एप्रिलपर्यंत खुलासा दिला नाही तर प्रबंध स्वीकारणार नाहीत. दोन वर्षांचं काम आहे गं, अन् वर लबाड हा शिक्का. बिया वेगळ्या झाडाच्या होत्या का? वाळवल्या कुठं? आठवून आठवून लिही.

डोळा लागत नाही. तरी काळजी करू नकोस, हे आपलं म्हणायचं म्हणून.

धनश्री

नांदूरघाट
२७ मार्च २०२५

चि. धनश्रीस आशीर्वाद, घेशील तर.

झाड तेच, बिया त्याच. चूक माझी हाय. तू सातवीत होतीस त्या वर्षी आबांचं औषध देऊनबी चौदा कोकरं गेली. आबा तीन दिस जेवले न्हाईत. तवा मी दवाखान्यातून गोळ्या आणल्या अन् वाटून गुपचूप त्यांच्या डब्यात मिसळल्या. तवापासून बारा वर्षं मिसळतेय. तुला पहिली पूड त्याच डब्यातली धाडली, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. दुसरी मात्र शिकायच्या कामाला म्हणून निव्वळ कुटली.

मी लबाडी केली का भलं केलं, मलाच उमगंना. तुझ्या मॅडमला सगळं सांग. पण आबांना कळू देऊ नको. त्या डब्याबिगर त्यांच्याजवळ दुसरं काय हाय?

तुझीच,
आई

नांदूरघाट
९ एप्रिल २०२५

चि. धनश्रीस हरिबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आईला धाडलेलं उत्तर पोस्टमननं माझ्या हातात दिलं अन् मी फोडलं. मग ट्रंकेतली तुझी मागची पत्रंबी वाचली. चौथी शिकलोय, येळ लागला. दोन दिस तुझ्या आईशी बोललो न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनंच चहा पुढं ठेवला, मग बोललो.

मॅडमला खरं सांगितलंस, बेस केलंस. पण माझं नाव खोडून नुसतं एका मेंढपाळाची पूड असं लिवणार म्हणतीस, ते करू नको. चांगलं निघालं तर नाव लावणार होतीस, मग वाईट निघालं तर कावून खोडतीस? हरिबा, नांदूरघाट, असं पुरतं लिव. डबा मी रिकामा केलाय. औषधाला येणाऱ्याला दवाखान्याची वाट दावतो.

पण पोरी, माझं डोकं चालंना झालंय. तुझ्या आईच्या गोळ्या बारा वर्षांच्या. त्याच्या आधी माझ्या बापानं, आज्यानं हीच पूड दिली अन् मेंढरं उठून चरायला लागली, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. ती कशानं उठली? तुझे ते दोन उंदीर काईच न घेता बरे झाले, हे वाचल्यापासून मी रानात नुसता बसून असतो. आमची मेंढरंबी तिसऱ्या पिंजऱ्यातलीच होती का गं?

असंल ते खरं लिव. माझ्यावरचा जीव कमी करू नको.

तुझा आबा,
हरिबा