छतावर माणूस हाय

उस्ताद, तुमचा गुडघा आता कसा आहे? शिडी चढताना कटकट वाजायचा. तिथं शिडी नसेल तर बरा असेल. खोकला गेला का? तुमच्या अम्मी भेटल्या असतील, त्यांना आता नीट दिसतं का? आणि दुकानाच्या फळीखाली झोपणारं ते लंगडं मांजर, तुमच्या मागोमागच गेलं, ते पायाशी घुटमळत असेलच. इकडं मी बरा आहे. साखर वाढलीय, हात थोडा कापतो, पण रेडिओ-मिक्सरची किरकोळ कामं अजून करतो. घरची मंडळी खुशाल. तुमच्या माघारी राहिलेल्या भाभींचं मात्र विचारू नका. म्हणजे विचारा, त्यांच्यासाठीच लिहायला बसलोय, पण जरा दमानं घेतो.

दिवाळीला लेकीनं मला एक उडतं यंत्र आणलं. ड्रोन म्हणतात. चार पंखे, पोटाखाली वाटाण्याएवढा कॅमेरा. म्हणाली, "बाबा, जन्मभर लोकांच्या घरात चित्र आणलं, आता तुमचं तुम्ही बघा." रिमोटला मोबाईल अडकवायचा, आणि ते वरून जे बघतं ते त्याच घडीला आपल्या हातात दिसतं. तुम्ही असता तर पहिल्या दिवशीच स्क्रू काढून बसला असता. आठवतं ना, आपण अँटेना धरून छतावर आणि घरमालक खाली टीव्हीपुढं बोंबलतोय, "आलं! आलं! गेलं... मुंग्या आल्या बे, जरा माजलगावकडं फिरव!" तुम्ही वरून ओरडायचे, "मालक, आणखी फिरवलं तर आष्टीला जाईल!" आता वर चढणारा मी आणि खाली बघणाराही मीच. नदीचं पात्र दिसलं, बाभळी दिसल्या, मशिदीच्या मिनारावरचं कबुतर माझ्याकडं बघताना दिसलं. म्हातारपणी पोरासारखा नाचलो बघा.

आणि त्या नाचण्यात तुमची शिकवण विसरलो. छतावर पाय ठेवायच्या आधी तुम्ही हाक द्यायचे, "छतावर माणूस हाय होऽ!" मग आसपासच्या अंगणांतून बायकांचा आवाज यायचा, "थांबा!" कुणी न्हात असायचं, कुणी लेकराला पाजत असायचं. त्यांचं आवरून "चढा!" ऐकू आलं की मगच तुम्ही शिडीवर. उन्हात वाट बघून घामाघूम व्हायचो, पण त्या "चढा" शिवाय चढणं नाही. एकदा मी घाईत तसाच चढलो. तुम्ही मला खाली उतरवलं आणि समोरच्या घराच्या दारात नेऊन, आतली माणसं मला दिसणार नाहीत असं पाठमोरं उभं करून माफी मागायला लावली. परतताना म्हणाले, "आपण चित्र आणायला चढतो बे, बघायला न्हाई." तुम्ही मारलं असतं तर विसरलो असतो.

आता ऐका. थंडीतली सकाळ होती, ऊन कोवळं. यंत्र आपल्या गल्लीवरून नेत होतो. हातातल्या चित्रात तुमचं अंगण आलं. भाभी न्हाऊन केस सोडून उन्हात उभ्या होत्या. तिथंच वळायला पाहिजे होतं. पण दोरीवर तुमचा खाकी शर्ट होता, उस्ताद. तोच, खिशापाशी सोल्डरिंगच्या डागणीनं जळून भोक पडलेला. धुऊन धुऊन पांढरा पडलाय. भाभी त्याची कॉलर सरळ करत होत्या, अंगात घातलेल्या शर्टाची करावी तशी. मला ते भोक बघायचं होतं. मी यंत्र खाली घेतलं. घरघर ऐकून भाभींनी वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा माझ्या तळहातावर आला, घाबरलेला. डोक्यावर घ्यायला हाताशी ओढणी नव्हती. त्यांनी दोरीवरचा तुमचा ओला शर्ट ओढून डोक्यावर घेतला आणि लंगडत आत गेल्या.

दोन दिवसांनी भाभींचा मलाच निरोप आला. गेलो तर अंगणावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळी ताडपत्री. खाली भर सकाळी अंधार. डॉक्टरनं गुडघ्यांना ऊन द्यायला सांगितलंय आणि भाभी सावलीत शाल घेऊन बसलेल्या. मला चहा दिला, वर म्हणाल्या, "भय्या, ते उडतं मशीन कुणाचं हाय बघ ना. तुला मशीनीतलं लई कळतं. कावून बघत असंल रे, माझ्यासारख्या म्हातारीला?" मी म्हणालो, "बघतो भाभी." एवढंच. मग त्याच हसल्या, "तेरे उस्ताद होते तर त्यांनी शिडी लावून धरलं असतं त्याला." तो चहा मी कसा प्यालो, माझं मला माहीत.

त्यानंतर दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि ख्यालीखुशाली विचारून परत आलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. ताडपत्री तशीच. शेवटी काल सकाळी नुसत्या हातानं माझ्या छताच्या शिडीपाशी गेलो, यंत्र पेटीतच ठेवलं, आणि तुमची हाक दिली. "छतावर माणूस हाय होऽ!" गळा मध्येच फाटला. रस्त्यानं जाणारा भाजीवाला थांबून हसायला लागला. ही हाक मारणारा गल्लीत आता मी एकटाच उरलोय, त्यामुळं ते मशीन कुणाचं हे भाभींना कळायचं ते कळलंच. मग ताडपत्रीखालून आवाज आला, "थांबा!"

तुम्ही शिकवलं तसा थांबलो. ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून गेलं. "चढा" काही आलं नाही. आज सकाळीही गेलो होतो, हाक दिली, आज तर "थांबा" पण नाही. पण ताडपत्रीचं एक टोक सुटलेलं होतं. वाऱ्यानं सुटलं की कुणी सोडलं, ते मी वाकून बघितलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पेटीत यंत्राशेजारीच राहील. एक गोष्ट भाभींना सांगायची आहे आणि आधी तुम्हाला सांगतो. त्या दिवसाचं चित्र मोबाईलमध्ये साठून राहिलंय. पुसायला बोट नेतो, तुमचा शर्ट दिसतो, बोट मागं येतं. अजून पुसलेलं नाही. तसंच पुसून टाकू, की आधी त्यांच्या दारात पाठमोरा उभा राहून सगळं सांगू आणि मग पुसू, तेवढं लवकर कळवा. तुमचं उत्तर भाभींच्या तोंडून आलं तरी चालेल.