गिटारची पट्टी चढली

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. तुमच्या चिरंजीवांना ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेत कापूस वेचणाऱ्यांच्या गाण्यांचं, केवढं वेड ते तुम्ही जाणताच. लग्न झाल्यापासून मी गायचं आणि यांनी बोटात बाटलीचा गळा घालून, तो तारांवर घसरवत गिटार वाजवायची, असं आमचं चाललं होतं. माझा आवाज खालचा, म्हणून गिटारही माझ्या पट्टीला उतरवलेली असायची.

मागं एकदा गिटार पुसायला उचलली, तर तारा वरच्या पट्टीला चढलेल्या. विचारलं तर म्हणाले, नव्या आहेत, बसतील हळूहळू. मी भोळी, विश्वास ठेवला.

परवा औरंगपुऱ्यात कार्यक्रम होता. मला थोडा खोकला होता, तर म्हणाले, तू आज पुढं बसून ऐक. स्टेजवर तनुजा नावाची मुलगी आली आणि तुम्ही माझ्यावर रचलेली ओवी गायली:

काळ्या गं वावरात पांढरा कापूस फुटं,
सून माझी विशाखा, तिचा सूर ना कुठं तुटं.

फक्त ‘विशाखा’च्या जागी ‘गुणाची’ होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. काय करणार? पण तिच्या गळ्यात हेल तुमचा होता. तो मलाही जमत नाही, यांना तर नाहीच. तुम्ही शिकवलीत का तिला? खरं काय ते कळवा.

तुमची सून,
विशाखा

पैठण
८ फेब्रुवारी

चि. सौ. विशाखास,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

व्हय, मीच शिकवली. राजकुमार तिला घेऊन आला. म्हणाला, डॉक्टरनं विशाखाचं गाणं बंद केलंय, तिनंच हिला पाठवलंय. परक्या तोंडी आपलं नाव नको, असंही तूच म्हणालीस म्हणे. मला पटलं. पोरीला समोर बसवून गाऊन घेतलं, येसराची आमटी-भाकरी खाऊ घातली. वर म्हटलं, माझ्या विशाखाची उणीव भासू देऊ नको गं बाई. पोटच्या पोरानं माझ्याच हातून तुझा केसानं गळा कापला. लई संताप होतो.

माझी ओवी सुनेनंच गायची, असा निरोप त्याला धाडलाय. ऐकेल असं वाटत नाही, बापावर गेलाय. तू मात्र जेवत जा.

तुझी,
लीलाबाई

गारखेडा
१५ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंना,
सविनय जयभीम.

तुमच्यावर राग नाही. तुम्हालाही त्यांनी फसवलंच. निरोप मिळाला तेव्हा म्हणाले, आईला काय कळतं, खालचा आवाज लोकांना चालत नाही.

काल तनुजाला घरी घेऊन आले. शेवटची ओळ तिला खाली उतरवता येईना. मला म्हणाले, तू जरा दाखव. आत्याबाई, मला वाटलं, अजून माझी गरज आहे. वेड्या आशेनं बसले आणि जीव ओतून शिकवलं. तिला जमलं, तेव्हा यांनी डोळे मिटून ‘वा’ म्हटलं. इतकी वर्षं तो ‘वा’ माझा होता. मग डोळे उघडून मला म्हणाले, चहा टाक.

टाकला. सांगायला लाज वाटते, साखरही यांच्या आवडीची घातली. तिघांचे कप विसळताना मात्र रडू फुटलं आणि तिथंच ठरलं.

येत्या शनिवारच्या एसटीनं येते. परत जायचं नाही, असं ठरवून येते. लेक तुमचा आहे, सून परकी. दार कुणाला उघडायचं ते तुम्ही ठरवा.

यांचा लोभ गेला. तुमचा तरी राहू द्यावा.

आपली,
विशाखा