माणशी एक बाटली

साउथ शील्ड्स,
बुधवार, दुपार

प्रिय हेझल,

हे पत्र ग्रॅहमने तुझ्या हातात दिलं असेल. पोस्टाने पाठवलं असतं तर पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच टाकून दिलं असतंस, आणि त्यात मी तुला दोष दिला नसता. आईला पोचवून आल्यापासून तू माझा एकही फोन घेतलेला नाहीस. मी काही तुझी समजूत घालायला बसलेलो नाही. तू पुन्हा माझ्याशी बोलावंस म्हणूनही लिहीत नाही. फक्त शेवटपर्यंत वाच. मध्येच संताप आला तर कागद खाली ठेव, खोलीत दोन फेऱ्या मार आणि परत उचल.

इथे सगळं जिथल्या तिथे आहे. आईचा निळा कोट अजून जिन्याखाली टांगलेला आहे, तो हलवायचा माझा धीर होत नाही. लीकच्या वाफ्यात यंदा मी पाऊलही टाकलेलं नाही. शेजारच्या वाफ्यातला बर्नार्ड पाणी घालतो. परवा विचारायला आला, भाज्यांच्या प्रदर्शनात तुझे लीक तुझ्या नावाने मांडू का म्हणून. मांड म्हटलं. तो जाता जाता म्हणाला, 'ॲव्हरिल असती तर तुला शिव्या देऊन उठवलं असतं.' खरं आहे. पण तुझी आई आता नाही, आणि मी सकाळी उठून चहा करतो तो अजून दोन कपांचा.

ती सहल तुझी कल्पना. आईचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्या पोरांना वाढण्यात गेला, आता एक आठवडा तिला लोकांनी वाढू दे, असं तू म्हणाली होतीस. ती ऐकून किती हरखली होती ते तुला फोनवर दिसलं नसेल. नॉर्वेला जायचं, तेही नदीपलीकडच्या धक्क्यावरून, म्हणजे घराबाहेर पडलं की जहाजात. तू मला जहाजाचे नियम दोनदा वाचून दाखवलेस. चढताना माणशी वाइनची एक बाटली नेता येईल, सीलबंद, हातातल्या पिशवीत. बियर नाही. व्होडका-व्हिस्की तर नाहीच नाही, सापडली की काढून घेणार. मग जरा थांबून तू म्हणालीस, 'बाबा, ग्रॅहमची आई आपल्याबरोबर आहे. एवढा एक आठवडा सांभाळा.' मी बरं म्हटलं. तुझी आई शेजारीच भांडी पुसत उभी होती, तिने सगळं ऐकलं. म्हणाली, 'माझ्या वाटची बाटली हेझललाच घेऊ दे. मला कशाला हवीय वाइन?' मीही माझ्या वाटची तुलाच दिली. सगळ्या बाटल्या तुमच्याच खोलीत गेल्या.

धक्क्यावरचं तुला आठवतं, पण मला दिसलं तसं सांगतो. आमची मोठी बॅग यंत्रातून गेली आणि त्या माणसाने ती बाजूला ओढली. भला माणूस होता, पुन्हा पुन्हा माफी मागत होता. त्याने आईच्या शाम्पूची बाटली काढली, झाकण फिरवलं, वास घेतला. मग दुसरी काढली. मग चूळ भरायच्या औषधाची. मग ती रबरी पिशवी, जी पाठीला शेकायला आपण घरात वापरतो. सगळ्यांत व्होडका. त्याने विचारलं, बॅग कुणाची. मी आईकडे पाहिलं. ती तुझ्या सासूशी हवेविषयी बोलत होती आणि तिचं बोलणं वाक्याच्या मध्यावरच थांबलं होतं. मी म्हटलं, 'माझी.' मागच्या रांगेतला एक जण हसला, 'काय आजोबा, शाम्पू डोक्याला लावता की पोटाला?' लोक हसले, मीही हसलो. तू हसली नाहीस. जवळ येऊन अगदी हळू म्हणालीस, 'आईच्या शाम्पूत, बाबा? निदान स्वतःच्या वस्तूंत तरी लपवायची.'

हेझल, त्या बाटल्या माझ्या नव्हत्या. माझ्या कधीच नव्हत्या.

कधीपासून, असं विचारशील तर मला नक्की सांगता येणार नाही. आधी कामावरून आल्यावर एक पेला होता. मग स्वयंपाक करताना एक. मग सकाळच्या चहात. ती कधी झोकांड्या खात चालली नाही, कधी कुणावर ओरडली नाही, शाळेत एक दिवस उशिरा गेली नाही. पेपरमिंट चघळायची. तू लहान असताना आईचं डोकं दुखतंय, आवाज करू नकोस, असं मी तुला सांगायचो ना, ते हेच. शेडमागे तुला त्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, तेव्हा तू शाळकरी होतीस. मी बसच्या पाळीवर होतो. तू आईला विचारलंस आणि ती घाबरून बोलून गेली, बाबांच्या आहेत. मी घरी आलो तेव्हा तू जिन्यात बसली होतीस आणि माझ्याकडे जे पाहिलंस, त्यावरूनच मला सगळं कळलं. आईने आत मला हात जोडले. मुलीला एकाच्या बाबतीत तरी भरवसा वाटू दे, असं मला तेव्हा वाटलं. आणि मुलीला आईच लागते. पुढे ते तसंच रुळत गेलं. क्लबात रविवारी मी अर्धा पेला बियर घ्यायचो, तो तुझ्या डोळ्यांत पिंपाएवढा झाला.

जहाजावर चढल्यावर तू काउंटरवर गेलीस. सगळा खर्च तुझ्या नावावर होता, म्हणून आमच्या कार्डांवर दारूचा थेंबही द्यायचा नाही, असं तू लिहून दिलंस आणि मला येऊन सांगितलंस. जहाजावर रोख चालत नाही, सगळं त्या कार्डावरच. म्हणजे सगळी दारं बंद. मी आईला खोलीत हे सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती पलंगावर बसली, चपला काढल्या, आणि बराच वेळ खिडकीतून मागे जाणारा आपला किनारा बघत राहिली. मग म्हणाली, 'बरंच झालं, नॉर्मन. माझ्याने एरवी झालं नसतं. आठवड्याने उतरेन ती सुटलेलीच उतरेन.' मी तिचा हात धरला. तुला खरं सांगतो, किती वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तू माझ्याशी बोलत नव्हतीस, तुझी सासू माझ्याकडे दयेने बघत होती, आणि मी मनातून सुखात होतो. आईने तो निळा झगा घातला होता. ती सगळ्यांशी हसून बोलली. ग्रॅहम म्हणाला, आई किती तरुण दिसतेय आज.

रविवारी समुद्र उसळला. अर्धं जहाज आडवं झालं होतं, म्हणून आई घामाघूम झाली, तिचे हात कापायला लागले, पोटात काही ठरेना, तेव्हा सगळे म्हणाले बोट लागलीय. मीही तेच म्हटलं. तू तिला डॉक्टरकडे घेऊन गेलीस. मी निघालो तर तू म्हणालीस, 'तुम्ही नका येऊ. तिला थोडी शांतता मिळू द्या.' मी बाहेर बाकावर बसलो. दार नीट लागलं नव्हतं. डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. दारू घेता का, असंही विचारलं. आई म्हणाली, 'नाताळात एक पेला शेरी.' आणि तू म्हणालीस, 'तिला वासही सहन होत नाही, डॉक्टर. बाबांमुळे.' तुझ्या आवाजात तिच्याविषयी इतकी माया होती, की मी उठून ते दार ढकललं नाही. डॉक्टरने बोट लागण्याच्या गोळ्या दिल्या. त्याला तरी दुसरं काय कळणार होतं?

संध्याकाळी तिला भिंतीवर किडे दिसायला लागले. मला म्हणाली, नॉर्मन, दिवा लाव, आणि दिवा लावलेलाच होता. मी तुला बोलवायला फोन उचलला आणि मागे ती पडली. आकडी होती. दातखीळ बसलेली, डोळे फिरलेले. पुढचं तू पाहिलंसच. हेलिकॉप्टरमध्ये तिच्याबरोबर एकालाच बसता येत होतं, त्यांनी नवऱ्याला घेतलं, आणि तू मला म्हणालीस, निदान आता तरी शुद्धीत राहा.

बर्गनच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, इंगुन नावाची. तिने मला एका छोट्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, तुमची बायको रोज किती पिते. मी सांगितलं. हे मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोललो, तेही परक्या मुलुखात, परक्या बाईला. तिने ते लिहून घेतलं. मग तिने मला समजावलं. इतकी वर्षं रोज इतकं पिणाऱ्याचं शरीर त्यावरच चालायला शिकलेलं असतं. ते एकदम तोडलं तर शरीर बिथरतं. कंप, घाम, भास, आकडी, आणि मग कधी कधी हृदयही साथ सोडतं. अशा माणसाने सोडायलाच हवी, पण डॉक्टरच्या नजरेखाली, औषध देऊन, हळूहळू उतरवत. मी विचारलं, त्या बाटल्या काढून घेतल्या नसत्या तर? ती म्हणाली, 'तर त्या आठवड्यात कदाचित हे झालं नसतं. पण बाटल्यांनी ती वाचली नसती, मिस्टर टीसडेल. कुणीतरी खरं सांगितलं असतं तर वाचली असती.'

तू मंगळवारी संध्याकाळी पोचलीस. आई सकाळीच गेली होती. मधल्या वेळात ती कुठे होती ते तुला सांगायचं राहिलं. ती आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. हातात पळी असल्यासारखा हात हलवत होती आणि म्हणत होती, 'ताटं पुढे करा रे, ढकलाढकली नको, सगळ्यांना पुरेल.' एकदाच तिने मला ओळखलं. तेव्हा म्हणाली, 'हेझलला कळू देऊ नकोस.' मी हो म्हटलं.

म्हणून तू दारात आलीस तेव्हा मी फक्त हृदय थांबलं म्हणालो. तू मला विचारलंस, तिच्या हृदयाला शेवटी कुणी थकवलं, तेही सांगा. चर्चमध्ये तू पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसली नाहीस, लोकांनी ते पाहिलं. मी ते सोसलं, आणि आणखी सोसलं असतं. कारण हे कळलं की तुला तो काउंटर आठवणार, तो दवाखाना आठवणार, हे मला माहीत होतं. आता हे वाचताना तेच आठवत असेल. तू तुला माहीत होतं त्यावरून वागलीस. माहीत मला होतं. माझ्यावर राग धरून जगणं तुला त्या आठवणीपेक्षा सोपं जाईल, असा माझा हिशेब होता, आणि तो मी मरेपर्यंत चालवणार होतो.

पण आज सकाळी ग्रॅहम आला. इथे स्वयंपाकघरात बसला आणि पोरासारखा रडला. तू दोन वर्षं पितेस, असं म्हणाला. आधी रात्रीच्या जेवणाबरोबर, आता सकाळी गाडीत बसण्याआधीही. आईनंतर दुप्पट. काल तुमचं भांडण झालं आणि तू शपथ घेतलीस, की शुक्रवारी सीहाउसेसच्या किनाऱ्यावरच्या त्या कॅराव्हानमध्ये, त्या चाकांवरच्या खोलीत, एकटी जाणार, फोन बंद ठेवणार, सोबत थेंबही नेणार नाही, आठवड्याने सुटूनच परत येणार. त्याला ते ऐकून धीर आला होता. माझा मात्र सुटला. त्याला सगळं सांगितलं, पण तो म्हणाला, हेझल माझ्या तोंडून हे मानणार नाही, म्हणेल म्हाताऱ्याने स्वतःला सोडवायला गोष्ट रचली. म्हणून सगळं आधीपासून, झालं तसं लिहिलं. विश्वास बसत नसेल तर बर्गनला फोन कर, डॉक्टर इंगुनचा नंबर ग्रॅहमकडे दिलाय. तू काल त्याला म्हणालीस म्हणे, 'मी बापासारखी होणार नाही.' पोरी, तू बापासारखी नाहीस. तू आईवर गेली आहेस, हसण्यात, हट्टात, आणि यातही. आईला दिलेला शब्द मी आज मोडला, त्याचं मी बघून घेईन. तू मला हवं ते म्हण, जन्मभर तोंड बघू नकोस, पण एकटी जाऊ नकोस आणि एकदम सोडू नकोस. आधी डॉक्टरकडे जा. तो विचारेल, रोज किती घेता. जेवढी घेतेस तेवढी सांग, एक पेलाही कमी सांगू नकोस. ग्रॅहमने आजचीच वेळ घेतलीय, तो खाली गाडीपाशी थांबलाय. जा.

तू मान किंवा मानू नकोस, तुझाच,
बाबा