ताईचं अर्धं पुस्तक

२ मे

आजपासून मी नोकरदार! म्हणजे, सुट्टीपुरती. वाचनालयातली उमेदवारी म्हणजे कपाटं झटकायची आणि पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवायचे, अशी माझी समजूत होती. पण ग्रंथपाल बाईंनी अर्जावरच्या माझ्या आडनावावर बोट ठेवलं, चष्म्यावरून बघत विचारलं, तू तिची धाकटी का? मी मान हलवली. पुढे काही न विचारता त्यांनी मला ध्वनिखोलीत धाडलं.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. खोली एवढीशी. भिंतींना राखाडी लोकरी कापड, दाराच्या कडांना जाड रबर. दार लागलं की कानात बोळे घातल्यासारखं होतं. पान उलटताना आवाज येऊ नये म्हणून टेबलावर घोंगडी अंथरलेली. समोर काच, आणि काचेपलीकडे यंत्रांपाशी बसलेले ध्वनिमुद्रणवाले काका. त्यांना सगळे कानकाका म्हणतात, कारण आपण बोलायला लागलो की ते तोंड नव्हे, कान आपल्याकडे वळवतात.

मी अडखळत बोलते हे त्यांना माझ्या दुसऱ्याच शब्दाला कळलं. घरी माझं नाव ढकलगाडी. बाबांनीच ठेवलंय: आधी धक्का मारावा लागतो, मग चालते. कानकाका हसले. म्हणाले, चालेल, धक्के कापायलाच तर मी बसलोय.

ताईने दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत याच खुर्चीत बसून वाचलं होतं. म्हणूनच मी इथे अर्ज केला. घरी मात्र अनुभवासाठी असं सांगितलंय. ताई गेल्यापासून आई कामापुरतंच बोलते. जेवताना तिने मीठ हवं का एवढं विचारलं तरी बाबा माझ्याकडे बघून भुवया उडवतात, जणू सणच लागला.

४ मे

ताईचं पुस्तक सापडलं! दीपगृहावर एकट्याने राहणाऱ्या माणसाची कादंबरी आहे. ती निम्म्याच्या पुढे पोचली होती, तेवढ्यात ताप आला. तो उतरलाच नाही. पुस्तक तसंच राहिलं. ऐकणाऱ्यांपैकी एक निवृत्त मास्तर अजून फोन करतात म्हणे, त्या दीपगृहवाल्याचं पुढे काय झालं ते कुणीतरी सांगा हो, मी मरायच्या आधी. कानकाका दरवेळी टाळतात. मी म्हटलं, मी पुरं करते. त्यांनी बराच वेळ कान माझ्याकडे ठेवला, मग हो म्हणाले.

अर्धवट पुस्तकाला इथे जोड देतात. आधीच्या वाचकाचं शेवटचं वाक्य हेडफोनमधून ऐकायचं, ते त्याच्याबरोबर म्हणायचं, आणि त्याचा आवाज संपला की आपण पुढे जायचं. मग ऐकणाऱ्याला ठेच लागत नाही. पथ्य एकच. जुना वाचक हयात नसेल, तर त्याच्याबरोबर वाक्य घ्यायचं, श्वास नाही. त्याचा श्वास होऊन जाऊ द्यायचा, मग आपला घ्यायचा, भले आपण शब्दभर मागे पडू. कानकाकांनी हे पुन्हापुन्हा बजावलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, विहिरीत उतरताना दोर का धरायचा हे विचारतेस का? धरायचा.

६ मे

आज जोड दिली.

आधी खुर्ची कुरकुरली. मग ती घसा साफ करते ते ऐकू आलं. मग श्वास: नाकाने घेतलेला, छोटा, शेवटी किंचित हसल्यासारखा. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपायचो, तो श्वास मी कुठेही ओळखेन. माझ्या छातीने मला विचारलंच नाही. तिच्याबरोबर ती भरली.

वारा पडला, आणि त्याला वाटलं, आता कुणीतरी येईल. दोघींनी एकदम म्हटलं. त्यानंतर सबंध प्रकरण वाचून काढलं, एकदाही न अडखळता! मी! बाहेर आल्यावर शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. कानकाकांनी विचारलं, श्वास कुणाचा घेतलास? मी म्हटलं, माझा.

खोटं बोलले.

९ मे

संध्याकाळी दारातूनच म्हटलं, आले गं. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई ओल्या हातांनी धावत आली आणि म्हणाली, माऊ, किती उशीर गं केलास!

माऊ म्हणजे ताई.

मी म्हटलं, आई, मी आहे. पण ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात ते उलटंच ठरलं. तिने ओले हात माझ्या गालांना लावले. मग चहा केला, माझ्यासमोर बसली आणि बोलतच सुटली: शेजारणीचं वाकडं बोलणं, नळाची गळती, बाबांचं घोरणं. दोन वर्षांचं साठलेलं सगळं. मी हसत होते. मध्येच लक्षात आलं, हसणंही माझं नाही.

जेवायला तिने चार ताटं मांडली. धाकटी अजून कशी आली नाही, म्हणाली. बाबांचा घास हातातच राहिला.

११ मे

बाबांनी जिन्यात गाठलं. कठडा घट्ट धरून म्हणाले, हे जे काय चालवलंयस ते बंद कर. मी म्हटलं, मी करत नाही हो बाबा, ते होतंय. माझा आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, नको, राहू दे. थोडे दिवस. आज तिने केस विंचरले, पाहिलंस ना? तू समजूतदार आहेस.

धाकटीला समजूतदार म्हटलं की ओळखावं, आता आपल्याकडून काहीतरी मागितलं जाणार.

१३ मे

मास्तरांचा फोन आला होता. कानकाकांनी त्यांना नवी प्रकरणं फोनवर ऐकवली होती. मास्तर म्हणाले, मुलगी बरी होऊन परत आली वाटतं, तिला माझा आशीर्वाद सांगा.

कानकाकांनी मलाही ऐकवलं. सगळीकडे ताई. मी कुठेच नाही, एका खाकरण्यातही नाही.

मी खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, पुस्तक संपायच्या आत, जोड दिलीस तिथपासून पुन्हा वाच, तुझ्या श्वासाने, तुझ्या आवाजात. तुझं तुला परत मिळेल. एकदा पुस्तक पुरं झालं की ते ऐकणाऱ्यांकडे जातं, आणि गेलेलं आपण मागे घेत नाही.

मी विचारलं, आणि ताई? ते यंत्राकडे वळले. म्हणाले, ती जिथे थांबली होती तिथेच थांबेल.

म्हणजे आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल.

१६ मे

आज जोड पुसून पुन्हा वाचायला बसले. जमलं नाही. अडखळायचं कसं तेच आठवेना. आरशासमोर मुद्दाम अडखळून पाहिलं. ताई माझी नक्कल करून चिडवायची, तसं वाटलं. हुबेहूब तसंच.

चौथं ताट आज नव्हतं. मी आईला विचारलं, धाकटीचं? तिने आठवून पाहिलं, कुठेतरी ठेवलेली किल्ली आठवावी तसं. मग म्हणाली, कोण गं?

१८ मे

आईने माझे कपडे गाठोड्यात बांधून कुणाला तरी देऊन टाकले. ताईचे काढून दिले. मापात बसतात. बसायला नकोत, ती माझ्याहून उंच—

बाबा मला माऊ म्हणाले. चुकून. मी थांबले, ते सुधारतील म्हणून. ते पेपर वाचत राहिले.

कानकाकांना म्हटलं, उद्या पुन्हा प्रयत्न करते. ते म्हणाले, करशील ना गं? मग अडले. मला काय नावाने हाक मारायची ते त्यांना—

२० मे

आई आज माझ्याबरोबर आलीय. वाचताना बघायचं म्हणे. काचेपलीकडे बसलीय, नवी साडी नेसून. शेवटचं प्रकरण राहिलंय. वाचायचं की जोड पुसायची, कानकाका म्हणाले, तूच ठरव. यंत्र लावतायत. तेवढ्यात हे लिहिते—

पलीकडच्या माइकचं बटण चालूच राहिलंय. सगळं ऐकू येतंय.

कानकाका आईला विचारतायत, तुमची धाकटी काय करते हल्ली? आई कपाळाला बोटं लावून आठवतेय. मग म्हणाली, धाकटी होती हो मला. गेली. बोलायला वेळ लावायची. आम्ही कुणी थांबलोच नाही तिच्यासाठी. थांबायला हवं होतं.

आई रडतेय. पदर तोंडात कोंबून. माझ्यासाठी. माझ्यासाठी कधीच—

काच वाजवली तर वर बघेल. इथेच आहे म्हणून सांगता येईल. पण तोंड उघडलं की तिला ऐकू येणार ताई—

न उघडलं तर—

लाल दिवा लागला. आईने डोळे पुसले. हसली. हाताने खूण करतेय, वाच. तोंड मिटून इथेच लिहिते:

आई, मी आहे. गेले नाही. मी, तुझी धा—