पाटीची जागा

विरार, मंगळवार, सायंकाळ

नव्या बसच्या पहिल्या फेरीसोबत आज सकाळी अर्नाळ्याला गेलो. गाडी वेळेवर, स्वच्छ. वाहतूक अधिकारी म्हणून मी समाधानी असायला हवे. तरी ती मासळीची पाटी मनातून जात नाही.

जुन्या गाड्यांत मागचे बाक काढून मासळीच्या पाट्यांसाठी जागा ठेवलेली असे. नव्या गाडीत शेवटपर्यंत आसनेच. परतताना कंडक्टरने एका कोळणीला दारातच अडवले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, गाडी चकाचक आनली. पन पाटी कुठं ठेवू, तुमच्या मांडीवर?" सारी गाडी हसली. मीही हसलो. बाई मात्र भरल्या पाटीसह थांब्यावरच राहिली. सगळ्याच गाड्या अशा आल्या, तर तिने बाजार गाठायचा कसा?

संध्याकाळी व्यवस्थापकांकडे विषय काढला. "अहो, वासाच्या तक्रारी येतील," ते म्हणाले. येतीलच. मला स्वतःला तो वास सोसत नाही, हेही खरे. पण तिची मासळी दुपारपर्यंत टिकत नाही.

उद्या लेखी शिफारस करतो: अर्नाळ्याच्या सकाळच्या गाडीतील मागची आसने काढावीत. तक्रारी माझ्या नावे पाठवाव्यात; उत्तरे मी देईन.