मोंबासाहून आईला, पासपोर्ट आल्याच्या दिवशी

मोंबासा

प्रिय आई,

आज पासपोर्ट आला. निळ्या पुठ्ठ्याचा, कोरा करकरीत. तो हातात घेऊन कचेरीच्या पायऱ्या उतरलो आणि पहिल्यांदा मनात आलं, की आईला कळवायला हवं. तू गेल्याला पावसाळा उलटला, हे ठाऊक असूनही! धाकट्या वामनला उद्या लिहीन. आज तुलाच लिहितो.

तू विचारायचीस ना, "एवढी वर्षं परमुलखात राबलास, आणि घरी यायला तुला परवानगी कसली लागते रे?" आई, मलाही ते कधी नीटसं कळलं नाही. जुन्या पासपोर्टाची मुदत संपली होती आणि नवा असल्याशिवाय बोटीचं तिकीट मिळत नव्हतं. तुझी दृष्टी अधू झाली, दत्तूला बघायचंय म्हणतेस, असं वामनचं पत्र आलं, आणि त्याच आठवड्यात मी कचेरीची पायरी चढलो.

काय एकेक तऱ्हा! पहिल्या फोटोत टोपी होती म्हणून परत. दुसऱ्यात मी हसत होतो म्हणून परत. सही जुन्या सहीशी जुळेना, कारण जुनी मोडी लिपीत केलेली, आणि आता माझा हात थरथरतो. बाकावर बसून मी शाळेत पोरांना शिकवलेले श्लोक मनातल्या मनात म्हणत राही. शेजारी बसलेला गुजराती म्हातारा म्हणे, "मास्तर, कसला जप चाललाय?"

पण खरी अडचण झाली ती जन्मगावाची. मी आपलं 'कर्जत' लिहिलं. आपलं घर कर्जतच्या भिसेगावात, बाबा तिथले, आजोबा तिथले, मग दुसरं काय लिहिणार? यंदा त्यांनी जन्माचा दाखला मागितला. पहिल्या खेपेला हे कोणी विचारलंही नव्हतं. वामननं कर्जतच्या कचेरीत चौकशी केली, तर उत्तर आलं की अशा मुलाचा जन्म इथं झालेला नाही.

इथला कारकून गोव्याकडचा, भला माणूस. चष्मा कपाळावर सारून त्यानं विचारलं, "मग तुम्ही जन्मलात तरी कुठं?"

आई, या वयात मला ते सांगता येईना!

वामननं तुला विचारलं तेव्हा तू म्हणे पोट धरधरून हसलीस. "अरे, पहिलं बाळंतपण कोणी सासरी करतं का? खालापूरला झाला तो, माझ्या माहेरी." किती साधी गोष्ट! खालापूर म्हणजे मला फक्त आजोळ, उन्हाळ्यात आंबे खायला जायचं गाव. माझा पहिला श्वास तिथला, हे मला कधी सुचलंच नाही. आणि तू तरी कधी बोलली का नाहीस गं?

पण खालापूरच्या दप्तरात त्या सालच्या नोंदीच सापडेनात, मग प्रश्न आला साक्षीचा. आजी गेलेली, मामा गेलेला. त्या दिवसाचं माणूस तू एकटीच उरलेली. खालापूरला महालकऱ्यांसमोर येऊन शपथेवर सांगा, असा हुकूम निघाला. तुझ्या अशा प्रकृतीत! ते वाचून मला वाटलं, जळो तो पासपोर्ट.

पण वामन लिहितो की तू त्याच दिवशी ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलंस. तो म्हणाला, खोपोलीपर्यंत आगगाडीनं जाऊ. तू ऐकेनास. "माहेरी बैलगाडीनंच जायचं असतं!" वाटेत चौक गावी बैल सोडले तेव्हा गाडीवान म्हणाला, "आजी, दमल्या असाल. जरा पडा की." तर तू त्यालाच म्हणालीस, "दमले असतील तुझे बैल. जुंप लवकर, गाव जवळ आलं." तो म्हणे वामनकडं वळून हसला, "म्हातारीला माहेराचा वारा लागलाय, आता काय ऐकत नाय ती."

कचेरीत तुला विचारलं, "हा मुलगा खालापुरातच जन्मला, हे कशावरून?"

तू म्हणालीस, "कशावरून म्हणजे? मी तिथंच होते ना!"

महालकरी म्हणे टेबलावर डोकं टेकवून हसले. मी इथं समुद्रावर एकटाच वामनचं पत्र वाचत होतो. मीही हसलो, आणि मग कितीतरी वेळ अक्षरं दिसेनात.

एका रात्रीपुरती गेलीस आणि आठवडाभर राहिलीस! मामाच्या सुनेनं तुझी ओटी भरली. दिसत नसतानाही भिंतीला हात लावत तू सगळं घर फिरलीस. पाताळगंगेवर नेलं तेव्हा पाण्यात पाय सोडून बसलीस आणि उठेनास. काय आठवत होतं तुला? कोणाच्या संगतीनं यायचीस तिथं? पोहता येत होतं का? वामनला यातलं काहीच ठाऊक नाही. आता मी विचारू तरी कोणाला?

लहानपणी तू तांदूळ निवडायचीस आणि मी पुस्तकातल्या कविता म्हणून दाखवायचो. लेक माहेरी निघाली अशी एखादी कविता आली, की तू सूप खाली ठेवायचीस. मला वाटे, तुला चाल आवडते. मामा गेल्यावर तुझं खालापूरला जाणंच थांबलं. त्यानंतर तुझं गाव कोणतं, हे तुला कोणी विचारलं का गं? सरकारनं विचारलं, तेही माझ्या कागदासाठी!

कागद अलिबागला गेले, मग मुंबईला, मग बोटीत चढले. तू परतलीस, आठवडाभर खालापूरच्याच गप्पा सांगत राहिलीस, आणि तापानं अंथरूण धरलंस. कागद अजून वाटेतच होते. थोडी थांबली असतीस, आई! या कचेरीवर मी फार चिडलो आहे. आणि तिच्यामुळंच तू एकदा माहेरी जाऊन आलीस, म्हणून धड चिडताही येत नाही. याचं काय करू, तूच सांग.

पुढच्या बोटीनं निघतो आहे. तू नाहीस, तरी येतो. कर्जतला वामन उतरून घ्यायला येईल. त्याला म्हणेन, ट्रंक घरी ने, मी आधी आईच्या गावी जाऊन येतो. ते घर बघेन, ती खोली कोणती होती ते विचारेन. नदीवर, तू बसली होतीस तिथं बसेन. तिथं कोणी विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठले?" तर वचन देतो आई, कर्जतचं नाव काढणार नाही. म्हणेन, "मी इथलाच."

तुझा,
दत्तू